काल काय खाल्लंत?

५ मार्च

धाकटे,

पाकीट बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. मी ठणठणीत आहे. फोन करता आला असता, पण ह्या वयात लग्न करून गेलीस तिकडे फोन तुझे घड्याळजी उचलतात आणि "कोण बोलतंय?" असं विचारतात. जिच्याबरोबर तू उभा जन्म एका खोलीत काढलास तिने आपण कोण ते त्यांना समजावून सांगायचं, हे मला जमणार नाही. म्हणून पत्र.

काम एवढंच की कुकरची शिट्टी कुठे ठेवलीस ते कळव. ओट्याखाली बघितलं, फळीवर बघितलं, शिलाई मशीनचे खणसुद्धा पालथे घातले. जाताना तू काय कुठे कोंबलंस ते तुझं तुलाच माहीत. घाई नाही, पण कळव.

बाकी इकडे उत्तम. जाताना जिन्यात उभी राहून तू म्हणालीस ना, "ताई, तू आता खाणार काय?" तेव्हा मी दार लावून घेत होते म्हणून उत्तर द्यायचं राहून गेलं. तर आता ऐक. परवाच्या रविवारी मी पालेभाजी केली, घेवड्याचे दाणे शिजवले आणि वर एक सफरचंद खाल्लं, सालासकट. पावसुद्धा हल्ली कोंड्यासकट पिठाचा आणते, पांढऱ्याला हात लावत नाही. तू होतीस तेव्हा आयतं ताटात यायचं म्हणून मी करत नव्हते. येत नव्हतं असं नाही.

दुपारी मात्र सोमवार ते शुक्रवार म्हाताऱ्यांच्या हॉलवरच जेवते. नगरपालिकेचं जेवण काय असतं ते तुला सांगायला नको, सूप म्हणजे गरम पाण्यात भाजीची ओळखपरेड. पण जाते. मंडळी तीच. सुतारकाकांना पूर्वीपेक्षा कमी ऐकू येतं आणि ते पूर्वीपेक्षा जास्त बोलतात. मुख्याध्यापिकाबाई अजून आम्हाला चमचे सरळ ठेवायला लावतात. टपालवाले बायको गेल्यापासून गप्प झाले होते, ते आता जरा बोलायला लागलेत. तुझ्या खुर्चीवर ते टोपी ठेवतात. मी काही म्हणत नाही, खुर्ची काय तुझ्या नावावर नव्हती.

सोमवारी तिथे एक पोरगी आली होती. आहाराचं शिकलेली, नगरपालिकेने पाठवलेली, गळ्यात ओळखपत्र आणि हातात पाटीएवढं ते काचेचं. म्हातारी माणसं रोज किती फायबर खातात ते तिला बघायचं होतं. सुतारकाका उसळलेच. "फायबर? फायबरच्या दाराला मी आयुष्यात हात लावला नाही. दोन उन्हाळ्यांत तडकतं! ते खायचं कशाला?" पोरगी म्हणाली, तसं फायबर नाही काका, तंतुमय पदार्थ. मी म्हटलं, बाई गं, गणवेश शिवताना जन्मभर धागे दातांनी तोडलेत, माझ्या पोटात एव्हाना गुंडाळी झाली असेल. शेवटी मुख्याध्यापिकाबाईंनी डोळे मिटून सांगितलं, "चोथा. साल, कोंडा, देठ, जे तुम्ही बशीच्या कडेला काढून ठेवता ते. त्याने पोट साफ राहतं." झालं! पोट साफ म्हटल्यावर प्रत्येकाला काही ना काही सांगायचं होतंच. समोर सूप, आणि चर्चा ही. पोरीचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

मग तिने एकेकाला कोपऱ्यातल्या टेबलावर बोलावलं. "काल रविवार, हॉल बंद. घरी काय खाल्लंत? सकाळपासून झोपेपर्यंत सगळं सांगा." कोपरा कसला, सगळं ऐकू येत होतं. मुख्याध्यापिकाबाईंनी वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं, आठ वाजता हे, एक वाजता ते. सुतारकाका म्हणाले, "दोन गाजरं, कच्ची, कराकरा." त्यांची कवळी तेव्हा खिशात होती, पण पोरीला ते कुठे ठाऊक. टपालवाल्यांनी तर भाजी कशी करायची तेच सांगितलं. देठ वेगळे चिरायचे, बारीक, ते आधी टाकायचे कारण ते कडक असतात, पानं मागाहून, आणि झाकण अजिबात ठेवायचं नाही, रंग जातो. पोरगी टाइप करायची थांबली आणि नुसती ऐकत बसली.

मी माझं सांगितलं, वर लिहिलंय तेच. पोरगी म्हणाली, "वा आजी, तुमचं तर माझ्यापेक्षा जास्त भरलं!" म्हटलं तुला कळवावं.

शिट्टीचं विसरू नकोस.

ताई


१९ मार्च

धाकटे,

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळी. "शिट्टी चहाच्या जुन्या डब्यात आहे. शिट्टीशिवाय घेवडा कशात शिजवलास?"

लहानपणापासून तुझी ही खोड आहे. चार महिन्यांनी लिहितेस ते दोन ओळी, आणि त्यातली एक उलटतपासणीची. पातेल्यात शिजवला. पातेल्यात शिजत नाही का? आपली आई काय कुकर घेऊन जन्माला आली होती?

नाही शिजवला. घे. झालं समाधान?

त्या रविवारी मी सकाळी चहा-टोस्ट खाल्ला. दुपारी चहा-टोस्ट. रात्री नुसता टोस्ट, कारण दूध नासलं होतं. ओट्याशी उभ्या उभ्या खाल्ला, कारण बशी घेतली की बशी घासावी लागते. सफरचंद घरात होतं हे खरं आहे. ते अजून आहे.

आता म्हणशील, ताई, एवढं कसलं गं जड जातं? तू गेलीस त्याच आठवड्यात मी कोबी आणला होता. तुला वाटतं मी काही केलंच नाही, पण आणला होता. भाजीवाली अर्धा द्यायला तयार नाही, म्हणते उरलेला अर्धा मी कोणाच्या गळ्यात मारू. अख्खा आणला, पाव चिरला, शिजवला, खाल्ला. दुसऱ्या दिवशी परत कोबी. तिसऱ्या दिवशी कोबी. एकट्या बाईला कोबीचा गड्डा म्हणजे शिक्षा आहे, संपतच नाही मेला. शेवटी वास यायला लागला तेव्हा उचलून टाकला आणि टाकताना मला रडू आलं. कोबीसाठी! कोणी बघितलं असतं तर वेडी म्हणालं असतं.

आणि टेबलाशी बसायचं म्हटलं तर मशीनकडे तोंड करून बसले की भिंत दिसते, आणि खिडकीकडे तोंड केलं की तुझी बाजू दिसते. मला तुझी आठवण येते असं नाही. म्हणजे येते. जेवताना येते. एरवी मी बरी असते.

आणि मी एकटीच खोटारडी नाही, हेही ऐकून ठेव. गेल्या आठवड्यात टपालवाले पँट घेऊन आले, कंबर आत घ्यायची म्हणून. मी उसवून बघते तर आत माझीच थंडीतली टीप. म्हटलं, टपालवाले, एवढी देठांची भाजी खाता, मग ही कंबर चालली कुठे? म्हणाले, "भाजीने माणूस हलका राहतो." हसले आणि खिडकीबाहेर बघत बसले. मुख्याध्यापिकाबाईंचा कोटही माझ्याकडे येऊन गेलाय. सुतारकाका पट्ट्याला खिळ्याने नवीन भोक पाडतात, माझ्याकडे येत नाहीत, पण मला दिसतं ना. माझ्या झग्यांनाही मी टिपा मारल्यात. त्या कोणाला दाखवायच्या?

तुझं कार्ड घड्याळजींना वाचून दाखवलंस की नाही ते माहीत नाही. माझं पत्र वाचून दाखवू नकोस.

ताई


९ एप्रिल

धाकटे,

आमचा सत्कार झाला. खोटं नाही, खरंच झाला.

आज ती आहारवाली पोरगी परत आली, बरोबर नगरपालिकेचे एक साहेब. भिंतीवर चित्रं दाखवली, रंगीत खांबांची. सगळ्यात उंच हिरवा खांब तो आमचा. साहेब म्हणाले की गावातल्या सगळ्या हॉलांमध्ये ह्या हॉलचे ज्येष्ठ नागरिक सर्वांत चांगलं खातात, भाज्या, फळं, कडधान्यं, सगळं घरी नियमित. आम्ही टाळ्या वाजवल्या. सुतारकाकांनी बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. प्रत्येकाला नाव घेऊन प्रमाणपत्र दिलं, त्यावर गाजराचं चित्र. मुख्याध्यापिकाबाईंनी उठून आभार मानले, चांगलं बोलल्या, शिस्त हाच आरोग्याचा पाया वगैरे.

मग साहेब म्हणाले, "त्यामुळे इथल्या दुपारच्या जेवणाची आता गरज उरलेली नाही. पुढच्या महिन्यापासून हे जेवण पलीकडच्या वस्तीत नेत आहोत, तिथल्या लोकांचा आहार फार वाईट आहे. आपण सर्वांनी जो आदर्श घालून दिलात त्याबद्दल धन्यवाद."

आणि अगं, आम्ही टाळ्या वाजवतच होतो! साहेब थांबले की वाजवायच्या, एवढंच डोक्यात. हळूहळू एकेकाचे हात थांबले. सुतारकाकांना ऐकूच आलं नव्हतं, ते शेवटपर्यंत वाजवत राहिले आणि मग सगळ्यांच्या तोंडांकडे बघायला लागले.

कोणी चकार शब्द काढला नाही. कसा काढणार? प्रमाणपत्र हातात. साहेब गेले, पोरगी गेली, सूप गार झालं. कोणी कोणाकडे बघेना. आमच्या तोंडाने आम्हीच आमच्या पायावर धोंडा पाडून घेतला आणि वर टाळ्या वाजवल्या.

मला त्या सुपाचं काही नाही गं. सूप गेलं खड्ड्यात. पण ते टेबल गेलं तर मी बोलू कोणाशी? तुला एक सांगते. सोमवारी हॉलवर गेल्यावर माझा पहिला शब्द घोगरा निघतो. शनिवार-रविवार आवाज वापरलेलाच नसतो ना. खाकरावं लागतं. आता रोजचाच रविवार होणार. मला भीती वाटते, धाकटे. मरायची नाही. ही.

ताई


१० एप्रिल

धाकटे,

कालच्या पत्रातलं शेवटचं मनावर घेऊ नकोस. घसा सर्दीने बसला होता. मी व्यवस्थित आहे. तू काही यायची गरज नाही, बसचा प्रवास तुला सोसत नाही.

ताई


२२ एप्रिल

धाकटे,

येऊ नकोस म्हटल्यावर तू खरंच आली नाहीस. बरं केलंस. घर आवरलेलं नव्हतंच.

इथे काय काय झालं ते सांगते. मी ठरवलं की खरं सांगून टाकायचं. पोरीला म्हणायचं, बाई, आम्ही थापा मारल्या, जेवण बंद करू नका. पण एकटीने सांगून भागणार नव्हतं. म्हणून आधी टेबलावर विषय काढला. मुख्याध्यापिकाबाई कडाडल्या, "मी असत्य बोलले नाही! तो माझा आहार आहे. अलीकडे तो पाळला जात नाही, एवढंच. प्रश्न नीट विचारायला हवा होता." सुतारकाका म्हणाले, "मुलाच्या कानावर गेलं की बाप नीट खात नाही, तर उचलून नेईल मला. त्याच्या घरी खिडकीसुद्धा विचारून उघडावी लागते." टपालवाले नुसते म्हणाले, "ती भाजी खोटी नव्हती." आणि टोपी घालून उठून गेले, जेवण अर्धं टाकून.

मग मी एकटीच गेले नगरपालिकेत. दुसरा मजला, लांब बाक, प्रत्येक दारावर पाटी आणि प्रत्येक पाटीखाली दुसऱ्या दाराकडे बाण. पोरगी भेटली. मी तोंडाने काही सांगायच्या आधी पिशवीतून माझा निळा झगा काढला, उलटा केला आणि तिच्या टेबलावर पसरला. म्हटलं, हे बघ. ही बाजूची शिवण मूळची. ही आतली टीप थंडीतली. आणि ही त्याच्याही आतली, मागच्या महिन्यातली. आता सांग मी किती चोथा खाते.

ती झगा बघत राहिली. मग म्हणाली, "आजी, मग मला तसं का सांगितलंत?"

म्हटलं, "तू विचारलंस म्हणून. काय खाल्लं असं मला कोणी किती दिवसांत विचारलं नव्हतं. तू समोर बसून, मान पुढे करून, इतक्या कौतुकाने विचारलंस. तुला चहा-टोस्ट काय सांगायचा? लाज वाटली. आणि सांगता सांगता मला भूक लागली बघ, खरोखरची."

पोरीने डोळे पुसले. मला वाटलं आता ही माझ्या गळ्यात पडते की काय, पण कामाची निघाली. म्हणाली, सगळ्यांना परत विचारावं लागेल, आणि ह्या वेळी त्यांनी खरं सांगायला हवं. मी त्यांना तसं बोलू शकत नाही. तुम्हीच बघा.

काल ती आली. मी तिला म्हटलं, कोपऱ्यात नको, इथेच टेबलावर विचार, आणि मला आधी विचार. तिने विचारलं, काल काय खाल्लंत? मी मोठ्याने सांगितलं, सुतारकाकांनाही ऐकू जाईल असं. "चहा आणि टोस्ट. तिन्ही वेळा. उभ्याने." माझे कान तापले होते, पण सांगितलं.

वाढणारी बाई डाव हातात धरून उभी. मग मुख्याध्यापिकाबाईंनी चमचा सरळ केला आणि मान ताठ ठेवून म्हणाल्या, "दूध-पाव. लिहा. परवाही दूध-पाव. फळ नाही." सुतारकाका म्हणाले, "बिस्किटं, चहात बुडवून. कवळी टोचते मला. मुलाला कळवणार नसाल तर लिहा."

टपालवाले बोलेचनात. पोरगी थांबली, घाई केली नाही, हे तिचं चांगलं. शेवटी म्हणाले, "काल काही नाही."

"आणि परवा, काका?"

"परवाही ती नव्हती."

पोरीने लिहिलं का नाही ते मी पाहिलं नाही. मी त्यांच्याकडे बघत होते. मी त्यांना ह्यात ओढलं, धाकटे. त्यांच्या मनात रोज तिच्या हातचं एक ताट वाढलेलं होतं ते मी काढून घेतलं, असं मला वाटलं. पण दुसरा मार्ग नव्हता. ते टेबल गेलं असतं तर त्यांचं काय झालं असतं, आणि माझं?

पोरगी म्हणाली, आज संध्याकाळीच साहेबांना देते, आता जेवण बंद होणार नाही, मी बघते. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. पण सगळ्यांनी दुसऱ्यांदा सूप घेतलं.

तुझ्या घड्याळजींना कवळी आहे का? असेल तर गाजर किसून देत जा, टोचत नाही.

ताई


१४ मे

धाकटे,

निकाल लागला. पोरीने शब्द पाळला, तिचा काही दोष नाही. जेवण बंद झालेलं नाही. उलट आमचा खांब आता सगळ्यात बुटका निघाला, इतका की साहेब घाबरले. एवढ्या कमी चोथ्यावर ही माणसं जिवंत कशी, म्हणे. तातडीने उपाय केला पाहिजे. केला.

आता आमचं जेवण घरी येतं. प्रत्येकाच्या दारात, बंद डब्यात, तब्येत बघून बनवलेलं. हॉलवर यायची दगदग नको, अशक्त माणसं आहेत, असं कागदावर लिहिलंय. हॉलला कुलूप लागलं. टेबलं-खुर्च्या टेम्पोत घालून पलीकडच्या वस्तीत नेल्या. मी खिडकीतून बघितलं, खुर्च्या उलट्या करून रचल्या होत्या.

डबा चांगला असतो. मला नावं ठेवायची सवय आहे, पण ह्याला ठेवता येत नाहीत. कोंड्याचा पाव, शिजवलेले दाणे मऊसूत, गाजर किसलेलं, फळ शिजवून सालासकट. सोबत एक चिठ्ठी, त्यात कशात किती चोथा ते छापलेलं. पोटाची तक्रार गेली, कबूल करते. झग्याची एक टीप मी काल उसवली. अंग धरतेय मी, विश्वास ठेव.

डबा देणारी बाई स्कूटरवरून येते. हेल्मेट काढत नाही. "आजी, डबा. सही." मी म्हणते, आज ऊन फार आहे. ती म्हणते, हो ना, आणि जिना उतरायला लागते. तिचाही काही दोष नाही, तिला अख्खं गाव वाटायचं असतं.

तू म्हणशील, मग चौघांनी एकत्र बसून डबे खा की. मला सुचलं नसेल का? नियम असा की डबा दुपारी ज्याचा त्याच्या हातात, त्याच्याच दारात. दुसऱ्याकडे देत नाहीत, शेजारी ठेवत नाहीत, माणूस भेटला नाही तर परत नेतात. तीनदा परत गेला की नाव कापतात. आणि चौघांची घरं चार टोकांना. एकदा टपालवाले आपला डबा कोटाच्या आत धरून आले, डबा हातात पडल्या पडल्या निघाले असणार. तीन जिने चढले आणि दारात धरून उभे राहिले, बोलता येईना. मी त्यांना पाणी दिलं, बसवलं. दोन्ही डबे गार झाले होते. आम्ही जेवलो. फार काही बोललो नाही, पण जेवलो, आणि ते म्हणाले की देठ कडक राहिलेत. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले, तर माझाच डबा परत गेला. त्यांचे पाय सुजलेत असं कळलं. परत त्यांना जिने चढायला सांगायची मला हिंमत नाही.

सुतारकाकांना फोनवर ऐकू येत नाही. मुख्याध्यापिकाबाई फोन उचलतात आणि दोन्हीकडून काय बोलावं ते सुचत नाही. टेबलावर सुचायचं. काहीही सुचायचं, मीठ दे म्हटलं तरी पुरायचं.

तर मी आता टेबलाशी बसून जेवते. डबा उघडते, चिठ्ठी वाचते, सगळं खाते, कडेला काही काढून ठेवत नाही. आणि घास घेता घेता मला ऐकू येतं, माझा मलाच, चावण्याचा आवाज. एवढं भरड धान्य आणि घरात एवढं शांत. परवा मी मध्येच थांबले आणि रडले, मग परत खायला लागले, कारण टाकायचं नाही असं ठरवलंय.

हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं. आता तिसऱ्यांदा फाडणार नाही, काय लिहायचं ते लिहिते.

मला तुझ्याकडे जेवायला बोलाव.

काय करशील ते कर. पांढरा पाव चालेल, काल उरलेलं चालेल, कोबी चालेल. घड्याळजींना सांग, मी त्यांच्याशी नीट बोलेन. पहिल्यांदा मला जमणार नाही कदाचित, तेव्हा त्यांनी जरा सांभाळून घ्यावं. माझा डबा त्या दिवशी परत गेला तर जाऊ दे. नाव कापलं तरी जाऊ दे.

बस सकाळची आहे, आणि परत यायला संध्याकाळची आहे. मी चौकशी केली. राहायला येत नाहीये, तेव्हा उगाच गादी काढू नकोस, चादरी धुवू नकोस. नुसतं जेवायला येते. तुमच्याबरोबर.

ताई